गुजरातची ओळ

केयूरभाईंच्या लेखी हवामानाच्या बातम्या म्हणजे कूलरच्या दोन जाहिरातींमधली मोकळी जागा. ती जागा शिवांगी शिर्के भरत असे. रावपुऱ्यातल्या एका जुन्या इमारतीत त्यांच्या केबल चॅनलचा स्टुडिओ होता आणि संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटी शिवांगी गुजरातीतून हवामान सांगायची. तिच्याआधीची मुलगी हातात छत्री घेऊन गिरक्या घ्यायची. शिवांगीने आल्या आल्या ती छत्री कपाटात टाकली. "लोकांना उद्या घराबाहेर पडायचं असतं," ती म्हणाली, "माझ्या गिरक्या बघून त्यांना काय कळणार?"

एप्रिल संपत आला होता. हवामान खात्याचा देशभरासाठीचा पुढच्या तीन दिवसांचा अंदाज आला आणि तो वाचता वाचता तिने खुर्ची पुढे ओढली. राजस्थानात उष्णतेची लाट आणि धुळीची वादळं, हिमाचलात गारपीट, विदर्भात विजा, आसामात मुसळधार. सगळ्यात खाली गुजरातची ओळ होती. मध्य गुजरातेत तिन्ही दिवस विजांसह वादळी वारे, झोतांचा वेग ताशी पन्नास ते साठ किलोमीटर, ऑरेंज अलर्ट.

तिने ते सगळं जसंच्या तसं वाचलं आणि शेवटी पदरचं एक वाक्य घातलं. "मोकळ्या मैदानातले मंडप, कमानी आणि मोठे बोर्ड यांच्याजवळ थांबू नका."

त्या वाक्याने काय होणार हे तिला ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी छाणीच्या पुढच्या मैदानावर चॅनलचाच 'समर मेळो' सुरू होत होता. पाळणे, खाण्याचे स्टॉल, गाण्यांचा कार्यक्रम, आणि दाराशी दोन मजली उंचीची लोखंडी कमान. ती कमान, मंडप आणि दिवे हे सगळं कंत्राट तिच्या नवऱ्याचं, गजेंद्रचं होतं.

पहिल्या संध्याकाळी बडोद्यात काही झालं नाही. आभाळ दाटलं, थोडी धूळ उडाली आणि ढग उत्तरेला सरकले. तिकडच्या सावली गावात मात्र वाऱ्याने झाडं पाडली, पत्रे उडवले, पण त्या बातमीला मेळ्याच्या जाहिरातीखालची पट्टी मिळाली. मेळ्यात गर्दी कमी होती. केयूरभाईंनी त्याचा राग कामगारांसमोर गजेंद्रवर काढला.

गजेंद्र प्रतापनगरच्या घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तुला माझा धंदा बंद करायचाय का?"

शिवांगी पोळ्या लाटत होती. "मी हवामान वाचलं."

"मंडपाजवळ थांबू नका, हे हवामान आहे? सगळ्यांच्या देखत तो माणूस मला म्हणतो, गजेंद्रभाई, तमारी घरवाळीने समजावो. माझ्या पोरांसमोर! आणि आलं काय? फुंकर!"

"सावलीत विजेचे खांब पडलेत."

"सावली म्हणजे बडोदं नव्हे."

"अंदाज मध्य गुजरातचा आहे. ढगाला छाणीचा नाका दाखवून थांबवता येतं का? आणि तीन दिवस सांगितलेत, एक नाही."

बाहेरच्या खोलीत धनाजीराव, तिचे सासरे, टीव्ही बघत होते. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सुनेची बातमी त्यांनी चुकवली नव्हती. त्यांनी आवाज वाढवला, म्हणजे भांडण थांबवा असा त्याचा अर्थ असायचा. गजेंद्र न जेवता झोपला. शिवांगीला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला राग आला होता, आणि तो त्याच्याइतकाच स्वतःचाही होता, कारण वादळ आलं नाही याची संध्याकाळपासून तिला चक्क लाज वाटत राहिली होती. वादळ न आल्याची लाज! कुणाचं काही पडलं नाही याचा आनंद व्हायचा सोडून, आपण खोटे ठरलो म्हणून खाली मान घालायची वेळ या माणसाने तिच्यावर आणली होती.

दुसऱ्या दिवशी अंदाज तसाच होता. उलट जोर वाढेल असं म्हटलं होतं. शिवांगीने मजकूर तयार करून ठेवला आणि मेकअप करून परत आली, तर पडद्यावरच्या मजकुरात राजस्थान होतं, हिमाचल होतं, विदर्भ होता, आणि गुजरातच्या जागी लिहिलं होतं: 'शहरवासीयांसाठी आल्हाददायक संध्याकाळ.'

केयूरभाई कंट्रोल रूमच्या दारात उभेच होते.

"हे कुणी बदललं?"

"मैंने," केयूरभाई हसत म्हणाले. ते वाईट बोलायचे नाहीत, कुणाही बाईला 'बेन'च म्हणायचे. "शिवांगीबेन, काल तुम्ही लोकांना घाबरवलं, अने झालं काय? कंई नहीं. आज मेन स्पॉन्सर येणार आहे."

"खात्याने जोर वाढेल असं सांगितलंय."

"खातं दिल्लीत बसून आख्ख्या देशाचं सांगतं. आपण बडोद्याचं सांगू."

"तुम्हाला नको असेल तर हवामानच काढून टाका. कूलर दाखवा दोनदा. पण माझ्या तोंडून आल्हाददायक वदवू नका."

"पगार कोण आपे छे, बेन?" तेही हसतच विचारलं त्यांनी. आणि फोन वाजला म्हणून निघून गेले.

कंट्रोल रूममध्ये कोमल बसायची, पंचविशीतली मुलगी, सगळी बटणं तिच्या हाती. तिने काचेतून शिवांगीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

शिवांगी कॅमेऱ्यासमोर बसली. राजस्थान वाचलं. हिमाचल वाचलं. विदर्भ वाचला. मग समोरच्या पडद्यावरची नजर काढून घेतली आणि बोलायला लागली.

"आता आपलं. आज संध्याकाळी बडोदा आणि आसपास वादळी वारे येण्याची दाट शक्यता आहे. काल ते सावलीला आले, आपण वाचलो. आज कदाचित वाचणार नाही. छाणीच्या मेळ्यात कमानीपाशी उभे असाल तर..."

तिथे कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. मॉनिटरवर कूलरसमोर एक बाई केस उडवत बसली होती.

"मॅडम, मला कापावं लागलं," कोमलचा आवाज कानातल्या यंत्रातून आला. ती रडकुंडीला आली होती. "सर फोनवर ओरडत होते."

शिवांगीने माईक काढून टेबलावर ठेवला. गजेंद्रला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, त्याने कापला. ती जिना उतरली आणि स्कूटर काढली.

काळाघोडा, फतेहगंज, निझामपुरा. प्रत्येक सिग्नलला ती स्वतःशी बोलत होती आणि शेजारचे रिक्षावाले बघत होते. हवा पूर्ण पडलेली. घामाने कुडता पाठीला चिकटला होता. छाणी जकातनाक्यापाशी तिने समोर पाहिलं तर उत्तरेकडचं आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं होतं, आणि त्याच्याखाली मातकट पिवळा पट्टा.

मैदानावर गाणी लागली होती. गर्दी कालच्या दुप्पट. कमानीकडे बघताच तिचं डोकं फिरलं. काल कमानीच्या सांगाड्यात मोकळी जागा होती, वारा आरपार जायचा. आज तिथे नव्या स्पॉन्सरचा अख्खा फ्लेक्स, वरपासून खालपर्यंत, ताणून बांधलेला होता. म्हणजे शीडच उभं केलं होतं. आणि वर, फ्लेक्सच्या माथ्यावर दिवा बसवत, गजेंद्र.

"अहो! खाली उतरा!"

त्याने खाली पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"अहो, ऐकताय का? आभाळ बघा!"

"घरी जा, शिवांगी." वरून आवाज आला. खालची दोन-चार मुलं हसली. कुणीतरी मोबाइल काढला.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं, एकांतातही नाही. आता ती भर मैदानात किंचाळली, "गजेंद्र, उतर खाली! ऐकू येत नाही का तुला? उतर म्हणतेय ना!"

हसणं थांबलं. गजेंद्र थिजल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

कमानीच्या पायाशीच सेव उसळीचा स्टॉल होता. स्टॉलवालीने, भक्तीबेनने, पाण्याचा पेला पुढे केला. "पिऊन घ्या, बेन. तुम्ही टीव्हीवाल्या ना? काल ऐकलेलं मी तुमचं."

"मग आज इथे का उभ्या आहात? गॅस बंद करा, गल्ला उचला आणि त्या पक्क्या बिल्डिंगीत जा."

"कसं जाऊ? साहेबांनी सकाळीच सांगितलंय, मेळा संपायच्या आधी जो स्टॉल बंद करेल त्याला पुढच्या वेळी जागा नाही." भक्तीबेन ओशाळं हसली. "आणि काल काही आलं नाही ना, बेन."

काल काही आलं नाही. हेच वाक्य शिवांगीने कालपासून किती जणांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि या बाईच्या तोंडून ते ऐकताना तिला रडू येईल की काय असं झालं. "आज येतंय," ती म्हणाली. "माझ्यासाठी चला. दहा मिनिटं. नाही आलं तर मी स्वतः तुमच्या साहेबांशी बोलेन."

"एवढी घाण उतरवते, मग येते," भक्तीबेन म्हणाली. घाण म्हणजे कढईतला तळणीचा घाणा. गिऱ्हाईक ताटकळत होतं.

तोवर गजेंद्र खाली उतरला होता. उतरला तो भांडायलाच. त्याचे कान लाल झाले होते. "घरी चल तू. आज घरी चल, मग बघतो."

"घरी नंतर. हा फ्लेक्स कुणी बांधला?"

"केयूरभाईंनी सांगितलं."

"तुला कळत नाही? तूच मला सांगितलं होतंस ना, कमान कधी बंद करायची नसते म्हणून!"

गजेंद्र उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात पहिली झुळूक आली. गार. इतकी गार की मैदानातली माणसं 'हाश' करून हसली. गजेंद्र मात्र हसला नाही. फ्लेक्सने पोट फुगवलं आणि लोखंड बारीक कण्हलं, तो आवाज त्याने ओळखला. रागाने लाल झालेला त्याचा चेहरा क्षणात पांढरा पडला.

"फाडा!" तो आपल्या माणसांवर ओरडला. "फ्लेक्स फाडा! कापा मधून!" आणि खिशातला कटर काढून तो स्वतःच धावला. त्याने खालची बाजू उभी चिरली. वरपर्यंत हात पोचत नव्हता. शिवांगी लोकांना ढकलत होती, "मागे व्हा, कमानीपासून मागे व्हा," दिसेल त्याचं मनगट धरून ओढत होती. काही जण चिडले, एकाने तिला शिवी दिली.

मग धूळ आली आणि काही दिसेनासं झालं. गाणं मध्येच तुटलं, दिवे गेले. कमान पडली तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. वाऱ्याचाच आवाज इतका होता.

धूळ बसली तेव्हा लोखंडाचे पाइप सेव उसळीच्या स्टॉलवर आडवे पडले होते. भक्तीबेन त्यांच्याखाली होती. गजेंद्रने कामगारांसह पाइप उचलले. त्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला होता आणि ते त्याला कळतही नव्हतं. आणखी सहा-सात जण जखमी होते. भक्तीबेनला इस्पितळात नेलं. सकाळ व्हायच्या आत ती गेली.

सकाळी धनाजीरावांनी टीव्ही लावला आणि हाक मारली, "सूनबाई, इकडे ये."

पडद्यावर शिवांगी होती. 'आज संध्याकाळी बडोदा आणि आसपास वादळी वारे येण्याची दाट शक्यता आहे,' ती सांगत होती, आणि खाली मोठ्या अक्षरांत पट्टी होती: आमच्या चॅनलने आधीच इशारा दिला होता. 'छाणीच्या मेळ्यात' हे शब्द येण्याआधीच चित्र थांबवलं होतं. त्यानंतर निवेदकाने सांगितलं की एवढा स्पष्ट इशारा देऊनही मंडपाचे कंत्राटदार गजेंद्र शिर्के यांनी निष्काळजीपणा दाखवला. गजेंद्रचा फोटो होता. कमानीवर चढलेला, हसणारा.

गजेंद्र हाताला टाके घालून कोचावर बसला होता. तो पडद्याकडे बघत हळूच म्हणाला, "तुझ्याच आवाजात."

दुपारी केयूरभाई स्वतः घरी आले. धनाजीरावांच्या पाया पडले. पाणी प्यायले.

"शिवांगीबेन, आख्खं बडोदं तुमचं नाव घेतंय. आज रात्री स्पेशल कार्यक्रम करू. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं की चॅनल दोन दिवसांपासून इशारा देत होतं. गजेंद्रभाईंचं नाव मी आजच काढतो. एक कारीगर होता बाहेरगावचा, पळून गेला. त्याच्यावर घालू. कोई तकलीफ नहीं."

शिवांगीने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. हो म्हण, असं त्याला वाटत होतं हे तिला दिसलं; आणि ते बोलायची त्याला लाज वाटत होती हेही दिसलं.

"केयूरभाई," ती म्हणाली, "मी पुढे काय वाचत होते?"

"क्यारे? कधी?"

"तुम्ही कापलंत त्याच्या पुढे. छाणीच्या मेळ्यात कमानीपाशी उभे असाल तर... पुढे काय होतं?"

"बेन, आता हे कशाला..."

"तर लांब जा. एवढंच होतं. लांब जा! दोन शब्द. तुम्हाला दोन शब्द सोसवले नाहीत आणि आता माझंच तोंड उसनं घेऊन तुम्ही हात धुताय? माझ्या घरात बसून? माझ्या नवऱ्याच्या समोर?" तिचा आवाज चिरकला होता, पण ती थांबली नाही. "उठा. पाणी पिऊन झालं ना? उठा आणि चालू लागा."

केयूरभाई उठले. दाराशी वळून गजेंद्रला म्हणाले, "विचार करजो, भाई."

तिसऱ्या दिवशी छाणीला भक्तीबेनचं बेसणं, म्हणजे शोकसभा होती. शिवांगी गेली. गजेंद्र तिच्या मागोमाग आला. अंगणात पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, फोटोला हार होता, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. भक्तीबेनचा नवरा मयंकभाई हात जोडून बसला होता. शिवांगी खाली मान घालून बसली. बोलायला ती आलीच नव्हती.

मग केयूरभाई आले. पांढरा झब्बा, पांढरी पँट, मागे कॅमेरावाला. त्यांनी फोटोला फुलं वाहिली, मयंकभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे थोडं वळून म्हणाले, "आमच्या चॅनलने बेनला सावध केलेलं. कुदरतपुढे कोणाचं चालतं?"

शिवांगी कधी उठली तिला कळलं नाही. "खोटं," ती म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

"हे खोटं बोलतायत. मी सावध करत होते, यांनी मला मध्येच बंद केलं. वाऱ्याला जायला जागा होती, ती यांनी जाहिरातीने बुजवली. आणि मयंकभाई, मी त्यांना जा म्हणाले होते. त्या निघणार होत्या. पण स्टॉल बंद केला तर पुढच्या वेळी जागा मिळणार नाही, असं यांनी सकाळी सांगितलं होतं."

"बेसण्यात तमाशो न करो, बेन," केयूरभाई म्हणाले. प्रथमच हसले नाहीत. "कॅमेरा बंद कर," ते मागे न बघता म्हणाले. कॅमेरावाल्याने बंद केला नाही.

मयंकभाई उठून उभा राहिला. बुटका, सावळा माणूस, डोळे सुजलेले. "तिने मला दुपारी फोन केला होता," तो म्हणाला. "हेच सांगितलं. मी म्हणालो, मग थांब." त्याने फोटोकडे पाहिलं. "मीच म्हणालो, थांब."

मग त्याने फोटोवरची केयूरभाईंची फुलं उचलून त्यांच्या हातात परत दिली.

केयूरभाई गेल्यावर गजेंद्र पुरुषांच्या रांगेतून पुढे आला. "फ्लेक्स मी बांधला," तो मयंकभाईंना म्हणाला. "मला माहीत होतं, बांधू नये. केयूरभाईंनी सांगितलं आणि बांधला. चला, पोलीस ठाण्यात जाऊ. मी लिहून देतो."

तिघेही गेले. ठाण्यातल्या जमादाराने जबाब लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत 'कुदरती आपत्ती' असं लिहिलं.

"ते खोडा," शिवांगी म्हणाली.

"बेन, वारा तर कुदरतीच ना?"

"वारा कुदरती. वाऱ्याची खबर आदल्या दिवशीच आली होती. ती खबर कुणी दाबली, ते लिहा. भक्तीबेनला तिथे कुणी थांबवलं, ते लिहा. कमान कुणी बंद करायला लावली, ते लिहा. वाऱ्याचं नंतर बघू."

जमादार कंटाळला, चिडला, साहेबांना विचारून आला. शेवटी त्याने ओळ खोडली.

गुन्हा नोंदवला गेला. गजेंद्रचं नावही त्यात आलं, केयूरभाईंच्या खाली. केयूरभाईंना जामीन लगेच मिळाला, गजेंद्रला आठवडाभराने. कोमलने जबाब दिला आणि नोकरी सोडली. शिवांगीला नोकरीवरून काढल्याचा फोनही आला नाही. तिच्या जागी एक नवी मुलगी उभी राहिली आणि छत्री पुन्हा बाहेर आली. गजेंद्रला या हंगामात कुणी काम दिलं नाही. घरात त्यावरून भांडणं होतात, अजूनही. कधी तो म्हणतो, तू त्या दिवशी हो म्हणाली असतीस तर. आणि तिचं डोकं पुन्हा तसंच तापतं, आणि ती हातातलं भांडं आपटते, आणि मग दोघंही गप्प होतात, कारण दोघांनाही तारखेला कोर्टात बरोबरच जायचं असतं.